चार चवी चालताना, पाचवी बसल्यावर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे मूळचे नागपूरचे, तिथल्या महाल या जुन्या भागात आजोबांचं घर होतं. गेल्या वर्षी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला गेले असताना तिथल्या फ्रेंच क्वार्टरमध्ये त्यांनी संध्याकाळची कॉकटेल वॉक केली. बरोबर गाइड, चार जुने बार, प्रत्येक ठिकाणी एक पेय आणि त्याची गोष्ट. तसंच महालात सुरू करायचं त्यांच्या मनात आहे. मित्र म्हणतात, "येडा झाला का बे? महालात लोकांले दारू पाजत फिरशील?" तर जमेल का, आणि जमवायचं तर कसं?

मित्र निम्मे बरोबर आहेत. हातात ग्लास घेऊन दहा जणांचं टोळकं महालात शिरलं तर तुमची वॉक पहिल्याच गल्लीत संपेल. पोलिसांची गाडी यायचीही गरज नाही, ओट्यावर बसलेल्या दोन काकू पुरेशा आहेत. उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र मी मित्रांशी भांडायला तयार आहे. मी सात वर्षं जहाजावर आणि त्यानंतर बरीच वर्षं नागपूरच्या हॉटेलांत बार सांभाळला. आता बारमध्ये काम करणाऱ्या पोरांना शिकवतो आणि हिवाळ्यात आठ-दहा जणांना घेऊन महाल-इतवारीतून फिरतो. ही वॉक होते. फक्त तुम्ही तिकडे जी पाहिली ती इकडे उलटी करावी लागते.

तिकडची का चालते ते आधी पाहू. आमचं जहाज न्यू ऑर्लिन्सला लागायचं तेव्हा सुट्टीच्या संध्याकाळी मी त्याच गल्ल्यांत भटकायचो. तिथे रस्त्यावर प्लास्टिकच्या पेल्यातून पिणं कायद्याला चालतं, काचेचा ग्लास मात्र नको. बारमधून निघताना अर्धं राहिलेलं पेय तेच लोक पेल्यात ओतून हातात देतात. शिवाय पेय जिथे जन्मलं ती जागाच अजून उभी असते. व्हिए कारे नावाचं कॉकटेल १९३० च्या दशकात ज्या हॉटेल मॉन्टेलिओनमध्ये तयार झालं, तिथे आजही बसून ते पिता येतं. साझरॅक या दुसऱ्या कॉकटेलला तर २००८ मध्ये तिथल्या राज्याच्या विधिमंडळाने न्यू ऑर्लिन्सचं अधिकृत कॉकटेल म्हणून मान दिला. म्हणजे गाइडचं अर्धं काम शहरानेच करून ठेवलेलं.

महालात यातलं काहीच नाही. रस्त्यावर पिणं गुन्हा, आणि त्या वाड्यांत कुठलं कॉकटेल जन्मलेलं नाही. आसपासच्या एखाद्या परमिट रूममध्ये शिरून कॉकटेल मागितलंत तर वेटर शांतपणे विचारेल, "क्वार्टर का हाफ?" मग महाल-इतवारीत आहे काय? बाजार आहे. दारू सोडून ग्लासात जे जे पडतं ते सगळं या दोन-अडीच किलोमीटरमध्ये मिळतं, आणि पिढ्यान्पिढ्या मिळत आलं आहे. हे लक्षात यायला मलाही दोन हिवाळे लागले. पहिल्या वर्षी मी इतिहास सांगत फिरवायचो आणि शेवटी बारमध्ये न्यायचो. लोकांना दोन्ही आवडायचं, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध लागायचा नाही.

संबंध लावून दिला तो 'पंच' या शब्दाने. पंच म्हणजे मोठ्या भांड्यात कालवून सगळ्यांनी मिळून प्यायचं पेय. हे नाव आपल्या 'पाच'वरून आलं असं पुष्कळजण सांगतात: दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. भाषातज्ज्ञांचं त्यावर एकमत नाही, आणि वॉकमध्ये मी तसं स्पष्ट सांगतो. पण पंचचा लेखी उल्लेख पहिल्यांदा सापडतो तो १६३२ सालच्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाने लिहिलेल्या पत्रात, म्हणजे पेयाचं इकडचं नातं पक्कं आहे. मग मी ठरवलं की पाचातल्या चार गोष्टी चालता चालता चाखायच्या, विकत घ्यायच्या, पिशवीत टाकायच्या. पाचवी, म्हणजे दारू, एकाच छपराखाली, परवाना असलेल्या जागेत, बसल्यावर. महाल कोरडा राहतो. काकूंनाही हरकत नसते. उलट एकीने एकदा आमच्या पिशवीत डोकावून "लिंबं महाग घेतली तुम्ही" म्हणून ऐकवलं होतं.

सुरुवात गांधीगेटपासून करा. डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पावणेपाचला जमायचं. या दरवाजाचं जुनं नाव जुम्मा दरवाजा. गोंड राजा बख्त बुलंद शाहने अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बारा वाड्या-वस्त्या जोडून नागपूर वसवलं, त्याच्या मुलाने, चांद सुलतानाने, इथे राजधानी आणली, शहराला तट घातला आणि जवळचा जुम्मा तलाव बांधला, ज्याला आपण आज शुक्रवारी तलाव किंवा गांधीसागर म्हणतो. १७४३ मध्ये सत्ता पहिल्या रघुजी भोसल्यांकडे गेली आणि महाल 'महाल' झाला. हे सगळं पाच मिनिटांत उरका. माझी पहिली वॉक इथेच पाऊण तास अडकली होती, आणि एक पाहुणे जांभई देत म्हणाले, "सर, चांद सुलतान काय प्यायचा ते सांगा ना." मला माहीत नव्हतं. तेव्हापासून गेटवर मी कमी बोलतो.

वाटेत संघ मुख्यालयाचा परिसर लागतो. तिथे कायम बंदोबस्त असतो, तर त्या बाजूला कॅमेरे खिशात. हे आधीच सांगून ठेवलं की पाहुण्यांची आणि पोलिसांची दोघांची संध्याकाळ चांगली जाते.

पुढे बडकस चौकाकडे सरकताना पहिली चव घ्यायची ती आंबटाची, आणि नागपुरात आंबट म्हटलं की लोक चटकन संत्र्याकडे हात नेतात. इथे थांबा आणि वेळ द्या, कारण आपल्या संत्र्याबद्दल नागपूरकरांचाच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सगळ्या जगाला आपण ते मिरवतो, पण बारमध्ये ते अतिशय अवघड फळ आहे. ते मँडरिन जातीचं; साल सैल, हाताने सुटणारी, गर गोड आणि आंबटपणा बेताचा. कॉकटेलला जो आंबटाचा कणा लागतो तो नुसत्या संत्र्याच्या रसात मिळत नाही. नुसता रस आणि दारू एकत्र केली की पेय लेचंपेचं लागतं. म्हणून लिंबू हवंच. तीन भाग संत्र्याला एक भाग लिंबू हे माझं प्रमाण. लिंबाची चव मध्ये यायला नको असेल तर १०० मिली रसात चार-पाच ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा, म्हणजे संत्र्याचाच रस लिंबाइतका आंबट होतो. पाहुण्यांना दोन छोट्या कपांत हे दोन्ही चाखवा. फरक सांगावा लागत नाही, चेहऱ्यावर दिसतो.

बहार कुठला, म्हणजे फळ कुठल्या हंगामाचं, तेही विचारा. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येतो तो आंबिया, त्यात थोडा आंबटपणा असतो. फेब्रुवारी-मार्चमधला मृग बहार जास्त गोड. खायला मृग, ग्लासात आंबिया, असा माझा कल आहे. कळमन्याच्या बाजारातून ट्रकच्या ट्रक माल जातो, पण दहा जणांना घेऊन तिथे जाऊ नका. पायात पाय येतात. हातगाडीवरून डझनभर घेतले की झालं.

आता कडूपणाची गोष्ट. हॉटेलमध्ये नवा असताना रात्री आठच्या पार्टीसाठी मी दुपारी दोनला चार लिटर संत्र्याचा रस काढून फ्रिजमध्ये ठेवला. हुशारी केली असं वाटलं होतं. रात्री पहिलाच घोट घेऊन यजमान म्हणाले, "यात कुनैन टाकलं का?" रस कडू झाला होता. चूक सर्वस्वी माझी. संत्र्याच्या आतल्या पडद्यांत, बियांत आणि सालीखालच्या पांढऱ्या भागात एक पदार्थ असतो, ज्याला फळ अखंड असताना कडू चव नसते. रस काढला, पेशी फुटल्या, की रसातल्या आम्लाच्या संगतीत त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि लिमोनिन थेंबभरही जिभेला कळतं. पिळल्या-पिळल्या गोड, काही तासांनी कडू. डबाबंद रसाच्या धंद्यालाही हीच अडचण. म्हणून नियम: रस ग्लासासमोर, पाहुण्यांसमोर, आणि जोर लावून न पिळता. बिया चिरडल्या की संपलं.

सालीचा मात्र उपयोग करा. परदेशी संत्र्याची जाड साल गोल-गोल लांब काढून ग्लासात लोंबकळवतात. आपली साल तशी काढायला गेलं की तुटते. नाद सोडा. रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा कापा, बाहेरची बाजू मेणबत्तीच्या ज्योतीकडे करून चिमटीत दाबा. तेल उडतं आणि ज्योतीत ठिणग्या चमकतात. हा खेळ रस्त्यावर दारूविना करता येतो. गल्लीतली पोरं जमतात, आणि त्यांच्या आयाही मग आपल्याशी बोलायला लागतात.

नोव्हेंबर ते जानेवारीत अंबाडीची लाल बोंडं मिळाली तर सोडू नका. त्यांचं सरबत विदर्भात घरोघरी होत आलंय. रंग रक्तासारखा लाल, आंबटपणा संत्र्याहून खणखणीत. पुण्या-मुंबईचे पाहुणे ते पिऊन "हे कुठल्या ब्रँडचं?" असं विचारतात. मी फक्त हसतो. त्यांना दुसरा धक्का भाजीवाल्याकडे बसतो, कारण मी "एक जुडी सांबार द्या" म्हणतो आणि ते डोशाबरोबरचं सांबार शोधायला लागतात. कोथिंबिरीला आपण सांबार म्हणतो हे सांगण्यातच पाच मिनिटं मजेत जातात.

गोडाला साखर न घेता गूळ. पाक करताना निम्मं पाणी, निम्मा गूळ, एक उकळी, गाळणं, बस. गुळात स्वतःचा खारटपणा आणि मातकट चव असते, त्यामुळे रमबरोबर तो शोभतो, जिनबरोबर भांडतो.

मसाल्यासाठी इतवारी आणि मस्कासाथच्या किराणा बाजारात शिरायचं. हा वॉकचा सगळ्यात श्रीमंत भाग, इथे घाई करू नका. नाक आधी, जीभ नंतर. सावजी रस्सा खाऊन कपाळावर घाम आला नाही असा नागपूरकर विरळा, पण त्या रश्शाच्या काळ्या वासामागे दगडफूल आहे हे किती जणांना माहीत असतं? हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेलं हे जेवण. त्यात दगडफूल, खसखस, सुकं खोबरं, मिरे, लवंग. दगडफूल हातात द्या. नुसतं हुंगलं तर फारसं काही कळत नाही. कोरड्या तव्यावर क्षणभर फिरवलं की पहिल्या पावसानंतरच्या भिंतीसारखा वास सुटतो. हेच गुळाच्या पाकात दोन लवंगा आणि पाच-सहा मिऱ्यांबरोबर उकळून मी "सावजी पाक" करतो. नाव माझं, कुणी रागावू नये.

कडू चव या पंचात नव्हती, ती कॉकटेलची. १८०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका वर्तमानपत्राने कॉकटेलची व्याख्या छापली: कुठलीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. बिटर्स म्हणजे कडू मुळं-साली भिजवून केलेला अर्क, जो थेंबांनी वापरतात. तुम्हाला न्यू ऑर्लिन्सच्या गाइडने बहुधा सांगितलं असेल की अंत्वान पेशो नावाच्या औषधविक्याने अंड्याच्या कपातून पेय दिलं, त्या कपाच्या फ्रेंच नावावरून 'कॉकटेल' शब्द आला. गोष्ट गोड आहे. पण पेशोचा जन्म १८०३ चा, म्हणजे ती व्याख्या छापली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. त्याचे बिटर्स मात्र खरे, साझरॅकमध्ये आजही तेच पडतात. तुमच्या वॉकमध्ये असल्या गोष्टी सांगायच्या की नाहीत ते आधी ठरवा. मी सांगतो, आणि लगेच तारखाही सांगतो. लोकांना फसवल्यापेक्षा शहाणं केलेलं जास्त आवडतं.

औषधविक्याचा तो धागा इतवारीत हाताशीच आहे. काष्टौषधींच्या दुकानात काडेचिराईत मागा. आजीने ताप आल्यावर पाजलेलं आठवून निम्मे पाहुणे तोंड वाकडं करतात. दोन काड्या कपभर गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, थंड करा, ड्रॉपरच्या बाटलीत भरा. ग्लासाला दोन थेंब, तीन नाही. शिकवणीत एका पोराने "सर, चमचाभर टाकला" असं अभिमानाने सांगितलं होतं. तो ग्लास मी त्यालाच प्यायला लावला.

चौथी गोष्ट पाणी, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. नागपूरच्या माणसाला वाळ्याचा वास म्हणजे एप्रिल-मे. पारा पंचेचाळीसच्या पुढे, खिडकीत कूलर, त्याच्या ताट्यांवर पाणी पडलं की घरभर तो गार, मातकट वास. तोच वाळा स्वच्छ धुऊन माठात टाका आणि ते पाणी पेयात वापरा. जुन्या नागपूरकरांना एका घोटात बालपण आठवतं, मला काही बोलावं लागत नाही. बर्फाचं मात्र काटेकोर राहा. हातगाडीवरची निळसर लादी खाण्यासाठी नसते, ती मासे आणि माल थंड ठेवायला. बर्फ बारमधलाच.

वाटेत गांजाखेत चौक लागला तर पाटीचा फोटो सगळे काढतात. काढू द्या.

इतवारीतून बाहेर पडून अग्रसेन चौक किंवा चितार ओळ स्टेशनवरून मेट्रोने सीताबर्डी गाठायचं. चितार ओळीत गणपतीच्या आधी मूर्तिकारांची लगबग असते, पण तेव्हा पाऊस; वॉकचा हंगाम नाही. या मेट्रोच्या दहा मिनिटांत मी इतिहासाचा दुसरा तुकडा सांगतो, कारण तो खिडकीतूनच दिसतो. महाल-इतवारी भोसल्यांची, सीताबर्डी इंग्रजांची. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसले आणि इंग्रज त्या टेकड्यांवर लढले, भोसले हरले, आणि टेकडीवर किल्ला उभा राहिला. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारस न ठेवता गेले आणि राज्यच खालसा झालं. १८६७ ला रेल्वे आली, तिने जुनं शहर आणि नवं शहर यांच्यात रेघ मारली. छावणी, क्लब, बंगले, आणि पुढे चांगले परमिट रूम, हे सगळं रेघेच्या सीताबर्डीकडच्या बाजूला. म्हणून चार गोष्टी भोसल्यांच्या गावात आणि पाचवी इंग्रजांच्या, हे मी मुद्दाम जुळवलेलं नाही. शहरच तसं आहे.

आता कायदा. हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे चुकलात तर बाकी सगळं वाया. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. आपण पितो ते परवान्यावर. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना ५ रुपयांचा, आजीवन १,००० रुपयांचा. रम, जिन, व्हिस्की २५ वर्षांपुढे, बिअर आणि वाइन २१ वर्षांपुढे. पाहुण्यांचं वय नोंदणीतच विचारून घ्या, गेटवर विचारणं अपमानाचं होतं. सगळ्यात महत्त्वाचं: दारूचे पैसे तुम्ही घेऊ नका. तिकीट फक्त चालण्याचं, चाखण्याच्या कोरड्या सामानाचं आणि तुमच्या बोलण्याचं. दारूचं बिल परमिट रूमने पाहुण्याला थेट द्यायचं. तुम्ही तिकिटात "तीन कॉकटेल समाविष्ट" असं लिहिलंत की तुम्ही विनापरवाना विक्रेते झालात. खासगी हॉलमध्ये करायचं मनात असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून तात्पुरता परवाना काढावा लागतो. सुरुवातीला त्या फंदात पडू नका. ड्राय डेची यादी दर वर्षी पाहा. विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्या आठवड्यात वॉक ठेवूच नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, त्या दिवशी महाल-इतवारीत चालायला जागा नसते. ती मिरवणूक बघायला या, पिशवी घरी ठेवून.

मोहाच्या दारूबद्दल सगळे विचारतात. "सर, आपल्या गोंडवनाचं खरं पेय तर मोहाची." म्हणणं खरं आहे. मोहाचं फूल मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतं, वेचून वाळवतात, त्याचा वास मनुकांसारखा जड. पण कुणी ओळखीच्याने बाटलीत आणून दिलेली हातभट्टीची वॉकमध्ये कधीच नाही. त्यात काय आहे हे ना तुम्हाला माहीत ना देणाऱ्याला, आणि डोळे जाण्याइतकी जोखीम गोष्टीच्या रंगतीसाठी घेऊ नये. विदर्भातलेच वर्धा आणि गडचिरोली हे तर दारूबंदीचे जिल्हे. तिकडून येणाऱ्या पाहुण्यांना परतीच्या गाडीत बाटली नको, हे प्रेमाने सांगा.

किती पाजायचं? तुम्ही न्यू ऑर्लिन्सला चार पेयं प्यायलात; इथे तीन, आणि तीही छोटी. माझ्या प्रत्येक ग्लासात २० मिली दारू असते, तिन्ही मिळून ६० मिली. आपल्याकडच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं; ६० मिलीत शुद्ध अल्कोहोल साधारण २० ग्रॅम. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते १०० मिलीला चाळीस मिलिग्रॅमच्या आसपास जातं, पंचावन्न किलोच्या बाईच्या साठच्या पुढे. गाडी चालवण्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम. हा ढोबळ हिशेब आहे, पोटात काय आहे यावर बदलतो, पण मुद्दा कळला असेल: "फक्त चाखलंय" म्हणणारा माणूस कायद्याच्या वर असू शकतो. त्यामुळे माझ्या वॉकला गाडी आणायची नाही ही अट आहे. मेट्रोने आलात, ऑटोने जा. एकदा एका गृहस्थांनी चावी लपवून आणली होती. त्यांच्या बायकोनेच ती काढून माझ्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोहे खाऊन गाडी न्यायला आले, थोडे लाजलेले.

परमिट रूम निवडताना मेनू पाहू नका, बारमनशी बोला. आठ-दहा जणांसाठी उजेड असलेलं वेगळं टेबल, टीव्ही बंद, आणि आपल्या पिशवीतलं सामान वापरायची परवानगी, एवढं लागतं. निम्म्या जागा नाही म्हणतात. शांत वार निवडलात, मंगळवार-बुधवार, तर मालकही मोकळेपणाने हो म्हणतो. बारमनला आधी एकदा सगळं करून दाखवा आणि श्रेय त्याला द्या. पाहुण्यांसमोर शेकर त्याच्याच हातात हवा.

माझी तीन पेयं सांगतो, तुम्ही तुमची शोधा. पहिलं आंबिया संत्र्याचं: २० मिली जिन, ३० मिली संत्र्याचा ताजा रस, १० मिली लिंबू, थोडासा साखरेचा पाक, बर्फात जोरात हलवून, वर सालीचं तेल. दुसरं पंच, मोठ्या भांड्यात सगळ्यांसाठी: रम, अंबाडीचं सरबत, सावजी पाक, वाळ्याचं पाणी, इथे पाचही गोष्टी पहिल्यांदा एकत्र येतात आणि टेबलावर आपोआप गप्पा सुरू होतात. तिसरं लहान, कडक, शांत: व्हिस्की, गुळाचा थेंबभर पाक, काडेचिराईताचे दोन थेंब, एकच मोठा बर्फाचा खडा. हे सगळ्यांना आवडत नाही. ज्यांना आवडतं ते पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येतात.

दारू न घेणारे प्रत्येक गटात असतात, आणि त्यांना कोपऱ्यात कोल्ड्रिंक देऊन बसवणं हा माझ्या मते उद्धटपणा आहे. चार गोष्टी कोरड्याच जमवल्यात, तर पाचवी वगळूनही तेच पेय होतं. तोच ग्लास, तेवढीच मेहनत. चकण्याला फल्लीदाण्यांवर कांदा-सांबार-लिंबू, आणि पाटोडी. तर्री नको, तिच्यापुढे कुठलंच पेय टिकत नाही. वॉकच्या आधी पोटभर काहीतरी खाऊन या, हे निरोपात दोनदा लिहा.

तिकिटाचा आकडा मी सांगणार नाही, तो तुमच्या गटावर आणि जागेवर ठरेल. पहिल्या तीन वॉक मात्र फुकट करा, फक्त ओळखीच्या आठ जणांसाठी, आणि त्यात तुमच्या त्या मित्रांनाही घ्या. आजोबांच्या घराची गल्ली मार्गात बसवता आली तर बसवा. चांद सुलतानापेक्षा लोक तिथे जास्त वेळ थांबतील. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आंबिया चांगला आलेला असतो. तारीख ठरली की कळवा, सालीची सुरी मी घेऊन येईन.